पांढरी थाळी आणि माझा खुंट

माझ्या जावेच्या घरी अजूनही सांगतात की मी विमानाला भिऊन तलावात बसले. नवी सून आली की तिला हसत हसत सांगतात, "आमची धाकली बाई, विमान डोक्यावर आलं तं बेहोसच झाली." सून तोंडाला पदर लावून हसते आणि माझ्याकडे चोरून बघते. मी समोर बसलेली असले तरी सांगतात. मी बोलणार नाही हे त्यांना माहीत आहे. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, लहानपणापासून निघत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथंही गुरुजींनी काही विचारलं की पाटीवर लिहून दाखवायची. तसंच आता लिहिते.

मी विमानाला भ्याले नव्हते. विमान यायच्या कितीतरी आधीपासून मी पाण्यात उभी होते.

आम्ही ढीवर. तलावात मासे धरायचे आणि शिंगाडा लावायचा. आमच्या गावचा तलाव मोठा, एका पाळीवरून, म्हणजे बांधावरून, दुसऱ्या पाळीवरचं माणूस ओळखू येत नाही. मासळीसाठी तो सगळ्यांचा, पण शिंगाड्यासाठी घराघराला वाटून दिलेला. प्रत्येक वाट्यात एक बांबू रोवलेला असायचा, त्याला आम्ही खुंट म्हणायचो. खुंटाला ज्याच्या त्याच्या घरची चिंधी. दसऱ्याच्या सकाळी प्रत्येक घरानं आपल्या वेलाचे पहिले शिंगाडे पाळीवरच्या देवीच्या दगडापुढे ठेवायचे. ज्याच्या वाट्यात त्या दिवशी वेल नसेल त्याचा खुंट त्याच दिवशी उपटायचा आणि वाटा शेजारच्याला द्यायचा. पाणी अडवून ठेवणाऱ्या आळशी माणसांसाठी हा नियम केला होता म्हणे. नियम कोणासाठी केला आणि कोणावर चालला, यात फरक पडतो.

लग्नाला फार वर्षं झाली नव्हती तेव्हा माझा नवरा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. माहेर वडनेरला. तेराव्याला आलेली वहिनी निघताना म्हणाली, "घर लहान आहे, बाई. तुम्हीच पाहता." मी पाहत होते. म्हणजे मला राहायला सासरच होतं, आणि सासरी माझं म्हणावं असं एकच होतं, तलावातला वाटा. तो असेपर्यंत मी त्या घरात माझं खात होते. तो गेला की जावेच्या चुलीपुढे तिच्या हातचं.

त्या पावसाळ्यात वेल मी एकटीनं लावला. शिंगाड्याचं रोप हातानं लावत नाहीत. रोपाची जुडी पायाच्या अंगठ्यात धरायची आणि पाण्याखालच्या चिखलात दाबायची. दिवसभर छातीभर पाण्यात असं केलं की संध्याकाळी पायाची बोटं आपली वाटत नाहीत. जळवा लागतात त्या वेगळ्याच. भादव्यात वेल पसरला, पांढरी फुलं आली. खुंटाला मी नवऱ्याच्या लाल दुपट्ट्याची चिंधी बांधली होती.

माझ्या वाट्याला लागून भासऱ्याचा वाटा होता. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. तोंडानं मी त्याला कधी "तो" म्हटलं नाही, कागदावर म्हणते. आमच्यात भावसूनेनं, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोनं, भासऱ्याशी बोलायचं नाही, त्याला तोंड दाखवायचं नाही, तिची सावलीसुद्धा त्याच्यावर पडता कामा नये. तो डोंग्यात, म्हणजे लाकडी होडीत, बसला तर तिनं डोंग्यातून उतरायचं. आणि बंधन एकट्या तिलाच नाही. तोही तिच्याशी बोलू शकत नाही, आणि चुकून त्याचा हात तिला लागला तर जात त्याला बाजूला बसवते. माझ्या भासऱ्याला तर जास्तच जपावं लागे, कारण दसऱ्याला दगडापुढे सगळ्यांत आधी शिंगाडे ठेवायचा मान त्याचा होता. तो मान त्याला भातापेक्षा प्यारा होता.

आणीबाणी उठून गेली होती, त्याच्या पुढच्या वर्षीची की त्यानंतरची ही गोष्ट आहे. नवरात्रात एक जीप पाळीवर आली. साहेब आणि त्याची माणसं उतरली. त्यांनी रबराची नाव काढली आणि पंपानं हवा भरली. सगळा गाव बघायला. आमच्या बाया मागे उभ्या, मी त्यांच्याही मागे. साहेबानं दोरीला बांधलेली एक पांढरी गोल थाळी काढली. दोरीला खुणा होत्या. नावेतून थाळी पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी झाली की दोरीची खूण बघायची, मग वर ओढायची, पुन्हा सोडायची.

"काय गा, साहेब भांडे घासून राह्यला का?" पाळीवरून एकानं विचारलं.

"जेवण बुडालं असन," दुसरा म्हणाला. "ताट सापडलं, आता भाजी पाहून राह्यला."

हसणं ऐकून साहेब रागावला नाही. संध्याकाळी पाळीवर बसून त्यानं हिंदीत समजावून सांगितलं. नागपूरहून विमान येणार. विमानाच्या पोटात कॅमेरा, तो पाण्याचे वेगवेगळ्या रंगांत फोटो काढणार. त्या फोटोंवरून कुठलं पाणी किती गढूळ ते वरूनच कळलं पाहिजे. ते खरं की खोटं बघायला त्याच वेळी खाली थाळी बुडवून मोजायचं. "पहले यहाँ तालाब में देखेंगे," तो म्हणाला, "फिर समुंदर पे जाएँगे. वहाँ किनारे का पानी नापना है."

समुद्राचं पाणी मोजायचं होतं, आणि त्याची तालीम आमच्या तलावात. आमच्यातल्या एकानंही समुद्र पाहिला नव्हता. मी अजून पाहिलेला नाही.

मग साहेब म्हणाला, पाळीजवळ जागा आहे, नाल्याच्या तोंडाशी आहे, पण मधोमध सगळं पानच पान आहे. "पत्ता दिखेगा तो पानी नहीं दिखेगा. बीच में थोड़ा साफ कर दो." मधोमध दोनच वाटे होते, भासऱ्याचा आणि माझा. भासरा पुढे बसला होता. साहेबाच्या नावेवर त्याला रोजी लागली होती. त्यानं हात लांब केला.

"थे लाल चिंधीवाला घ्या साहेब. साफ करून देतो."

"किसी का नुकसान तो नहीं होगा?"

"नाई साहेब. घरका है. खाली ही समझो."

मी बायांच्या मागे उभी होते. साहेब वाईट नव्हता असं लोक म्हणतात. त्यानं विचारलं तरी, म्हणतात. पण त्यानं विचारलं ते भासऱ्याला. वाटा कोणाचा, हे विचारायला त्याला मागे वळून पाहावं लागलं असतं.

दिवेलागणीला भासरा ओसरीवर जेवत होता. मी आत भिंतीच्या आड. अशा वेळी बोलायची आमची रीत म्हणजे जावेला सांगायचं, मोठ्यानं, म्हणजे भासऱ्याला ऐकू जातं.

मी म्हटलं, "बाई, त्यायले म्हणा, दसरा चार दिवसांवर आहे. येल काढला तं माह्या खुंट जाते."

जाऊ पोळी भाजत होती. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अवो, आयकलं का? थे म्हणते खुंट जाते."

बाहेरून आवाज आला, "तिले सांग, सरकारचं काम आहे."

"सरकारचं काम आहे," जाऊ म्हणाली, जणू मी बहिरी होते.

"तं त्यायचा वाटाही मधातच आहे. अर्धा अर्धा काढा म्हणा."

यावर जाऊच बोलली. "तुले काहाले पाह्यजे वं वाटा? एकटा जीव. आमच्या घरात खाशीन, आमच्या घरात राह्यशीन. वाटा का छातीवर नेशीन?"

"माह्या पायानं लावला म्यां."

"पाय धू अन् झोप," ती म्हणाली.

विमान दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं होतं, ऊन तिरपं असताना. त्याच्या आधी वेल ओढून काढायचा होता. मी उजाडताच पाळ उतरले. आधी काही ठरवलं होतं असं नाही. वाट्यापर्यंत चालत गेले, वेल बाजूला करत आत शिरले, खुंटाला पाठ लावून उभी राहिले आणि पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला. पाणी छातीपर्यंत होतं. पाय चिखलात टेकले तेव्हा अंगठ्याखाली माझीच लावलेली जुडी लागली.

भासरा डोंगा घेऊन आला. बरोबर एक चुलत भाऊ, बांबूला बांधलेले विळे. वेलाच्या काठाशी येऊन डोंगा थांबला. पदराच्या आडून मला फक्त डोंग्याची पुढची बाजू दिसत होती. तो चुलत भावाला म्हणाला, "तू काढ."

"मी कसा काढू गा? मीही तिले भासराच लागतो."

हे खरं होतं. माझा नवरा सगळ्या भाऊबंदांत धाकटा. त्यामुळे त्या तलावावर डोंगा चालवणारा जवळजवळ प्रत्येक पुरुष माझा भासरा. मला हात लावू शकेल असा एकही त्यांच्यात नव्हता. मी उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात हे नव्हतं. उभी राहिल्यावर आलं. आयुष्यभर ज्या पदरानं माझं तोंड दाबून ठेवलं त्याच पदराजवळ यायला आता ते भीत होते.

मग जावेला बोलावलं. ती गुडघाभर पाण्यापर्यंत आली, पायाला जळू लागली, तशी किंचाळत मागे गेली. काठावरून शिव्या दिल्या. नवरा खाल्ला, आता तलाव खाते का, म्हणाली. ते मी ऐकलं. तेव्हापासून कितीतरी वेळा ते मनात ऐकलं आहे.

तोवर पाळीवर माणसं जमली. साहेबाची रबराची नाव आली. साहेब घड्याळ बघत होता. "ये औरत यहाँ क्यों खड़ी है? हटाओ इसको. टाइम हो गया." त्यानं आपल्या माणसाला सांगितलं, "हाथ पकड़ के निकालो."

त्याचा माणूस नावेतून वाकला, तेव्हा पाळीवरून जातीचा म्हातारा ओरडला. दसऱ्याला दगडापाशी उभं राहून सगळं पार पाडायचा तोच. "साहेब, तिले हात नाई लागला पाह्यजे! आमच्या बाईले परका हात लागला तं नाव वापस नाई जाणार."

माझी कणव आली म्हणून तो ओरडला नाही. त्यानं जातीची अब्रू राखली. माझा खुंट त्याच्या मनातही नव्हता. पण साहेबाचा माणूस मागे सरला.

पाळीवर आता लोक हसायला लागले. साहेबाला नव्हे, भासऱ्याला.

"काय गा, भावसूनेनं मोर्चा लावला!"

"मधातच उभी केली सरकारची गाडी!"

"अरे, वाटा खाली आहे म्हणत होता न तू? भरला बरं आता!"

भासरा डोंग्यात उभा झाला. डोंगा हलला, वेलाची पानं हलली. आणि तो ओरडला, सरळ माझ्याकडे तोंड करून, सगळ्या गावासमोर:

"निघ म्हणतो न बाहेर, रांडे! निघ!"

पाळीवरचं हसणं थांबलं. भासरा भावसूनेशी बोलला. तेही शिवी देऊन. असं आमच्या तलावावर कोणी ऐकलं नव्हतं.

रीतीनं मला त्याला उत्तर देता येत नव्हतं. मी खुंटाला हात लावला आणि खुंटाला म्हटलं, "खुंटा, त्यायले सांग. हे म्यां माह्या पायानं लावलं. मी निंघत नाई." माझा आवाज केवढा असणार. पण तेव्हा इतकं गप्प होतं की पाळीपर्यंत गेला.

यानंतर विमानाचा आवाज आला. हे मी सावकाश लिहिते. आधी तो बोलला, मग मी बोलले, मग सिंदी गावाच्या बाजूनं विमानाचा आवाज आला. तोवर दिसत काहीच नव्हतं.

साहेबानं माझा नाद सोडला. माझ्या आणि भासऱ्याच्या वाट्यामध्ये डोंगा जाण्यापुरती मोकळी वाट होती, त्यानं नाव तिथे घेतली. "चलो, इतना चलेगा," म्हणाला. आदल्या दिवशीही ती वाट तिथेच होती. थाळी माझ्यापासून हातभर अंतरावर पाण्यात गेली. आधी पांढरी होती, मग हिरवट झाली, मग नुसतीच काहीतरी आहे असं वाटण्याइतकी, आणि गेली. विमान डोक्यावरून गेलं. पुन्हा वळून आलं, पुन्हा गेलं. मी मान वर केली नाही, भीतीनं नव्हे. मान वर केली असती तर पदर पडला असता, आणि पदर पडला असता तर सगळे म्हणाले असते, ही कसली लाजवंत. मग माझं काहीच उरलं नसतं. म्हणून इतक्या जवळून गेलेलं विमान मी बघितलंच नाही. सगळ्या गावानं बघितलं.

त्या फोटोत मी असेन. पानांमध्ये चिंधीचा एक लाल ठिपका असेल. साहेबाला तो दिसला असेल तर त्यानं चूक समजून खोडला असेल. ते दुसऱ्याच दिवशी गेले. पाणी किती स्वच्छ निघालं ते गावात कोणालाही सांगितलं नाही.

दसऱ्याला मी शिंगाडे घेऊन दगडापाशी गेले. भासरा नेहमीप्रमाणे पुढे झाला. म्हातारा त्याला म्हणाला, "औंदापासून तू मांगं राह्य. भावसूनेले तोंडानं बोलला तू. सगळ्यायनं आयकलं." पहिला मान चुलत भावाला दिला. भासरा माझ्या मागच्या रांगेत उभा राहिला. माझी सावली मागे, त्याच्या पायांवर पडत होती. मी सरकले नाही.

मग हिवाळ्यात ती गोष्ट निघाली. जाऊ नदीवर सांगू लागली, बाजारात सांगू लागली, की विमान आलं तेव्हा धाकली घाबरून पाण्यात बसली, बुडत होती, म्हणून घरधनी ओरडले, तिला वाचवायला ओरडले. बुडणाऱ्या बाईला हाक मारली तर त्यात रीत मोडत नाही. म्हणजे विमान आधी आणि शब्द नंतर, एवढं फिरवलं की सगळं धुतलं जात होतं. लोकांनाही ती गोष्ट आवडली. भासऱ्यापुढे उभी राहिलेल्या बाईपेक्षा विमानाला भ्यालेली बाई सांगायला बरी. फक्त म्हातारा म्हणायचा, "थे तिनं सांगू दे. मंग पाहू." मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

वर्षं गेली. म्हातारा मेला. पुढच्या दहा वर्षांच्या आतच भासऱ्याच्या अंगावरून वारं गेलं, एक बाजू पडली. भाद्रपद संपत आला होता तेव्हा जाऊ माझ्या खोलीत आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी चहा ठेवला. कप तिनं हातात घेतला, पिला नाही.

"एक सांगतो, आयकशीन?" ती म्हणाली. "औंदाचा दसरा त्यायले दिसन का नाई, काय माहीत. एक बार मान द्या म्हणते सगळे. फक्त तू म्हणलं पाह्यजे."

"काय म्हणलं पाह्यजे?"

"का विमानाले भ्याली होती म्हणून. येवढंच. म्हणून थे बोलले म्हणून. तुह्या काय जाते?"

"आधी थे बोलले, बाई. विमान मंगून आलं."

"कोणाले याद आहे आता? मराले टेकलेल्या माणसासंगं भांडून राह्यली तू?"

"भांडत नाई. झालं थे सांगून राह्यली."

"तुह्या खुंट आहे न अजून? कोणी उपटला का? मंग काऊन जळून राह्यली?"

खुंट होता, म्हणूनच. मी भ्याले असं म्हटलं असतं तर त्या दिवशी माझा वेल चुकून वाचला असं झालं असतं. म्हणजे मी वाचवला नाही, विमानानं वाचवला. मधल्या काळात एका चुलत पुतण्याची बायको विधवा झाली. तिचा वेल त्या वर्षी पोरांच्या आजारपणात लागलाच नव्हता. तरी तिचा खुंट उपटायला कोणी पाण्यात उतरलं नाही. का उतरलं नाही ते सगळ्यांना माहीत होतं. घरी हसतात ते वेगळं. तलावावर माहीत होतं.

हे सगळं मला जावेला सांगता आलं नाही. मला इतकं बोलता येत नाही. मी एवढंच म्हटलं, "मी नाई म्हणत."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "दगड आहे तू."

भासरा दसऱ्यापर्यंत जगला. त्याला खाटेवर घालून पाळीवर आणलं आणि मागच्या रांगेत ठेवलं. पुढे जायला कोणी सांगितलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं असं एकदोघी नंतर म्हणाल्या. वाटलं नाही.

जाऊ त्या दिवशी माझ्या खोलीतून उठून गेली तेव्हा चहा कपात तसाच होता. मी तो मोरीत ओतला, कप विसळला आणि मागच्या सालचे सुके शिंगाडे कुटायला घेतले. दुसऱ्या दिवशी सिंदीचा बाजार होता.